एन्ड्युरन्स रायडिंग सुरू करायचंय? आधी घोड्याची नाडी मोजायला शिका

घोडबंदर रोडला राहते म्हणून ऑफिसात आधीच टिंगल व्हायची, त्यात मी घोडेस्वारी शिकतेय म्हटल्यावर तर विचारूच नका. पण गेल्या दोनेक वर्षांत इतक्या जणांनी "ते लांब पल्ल्याचं घोड्यावरचं काय असतं गं, आम्हाला पण करायचंय, सुरुवात कुठून करू" असं विचारलंय की एकदाच काय ते सगळं लिहून टाकते. मी काही चॅम्पियन वगैरे नाही, ४० किलोमीटरच्या पुढे अजून गेलेली नाही, पण नवशिक्याच्या चुका सगळ्या ताज्या आहेत माझ्याकडे.

आधी हे काय आहे ते. एन्ड्युरन्स म्हणजे घोडा आणि स्वार मिळून एका दिवसात लांबचं अंतर कापतात, आपल्याकडे सुरुवात साधारण ४० किलोमीटरपासून, मग ६०, ८०, आणि इंटरनॅशनल लेव्हलला १०० ते १६०. कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप म्हणून १०० मैलांची राइड होते, डोंगरातून, २४ तासांच्या आत संपवायची, तिथून हा खेळ जगभर पसरला असं म्हणतात. आपल्याकडची निदा अंजुम चेलाट ही केरळची मुलगी, तिने २०२३ मध्ये फ्रान्सला ज्युनियर आणि यंग रायडर्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १२० किलोमीटर पूर्ण केले. तेव्हा आपल्याला जमणार नाही असं काही नाही.

पण लोक समजतात की ही लांबलचक रेस आहे आणि इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. सगळं अंतर एका दमात नाही जायचं, त्याचे लूप म्हणजे टप्पे असतात, एक लूप २०-३० किलोमीटरचा, फार तर ४०, आणि प्रत्येक लूप संपला की वेट गेट, म्हणजे घोड्याच्या तपासणीची जागा. तिथे जनावरांचे डॉक्टर (व्हेट) घोडा तपासतात. घोड्याची नाडी ठरलेल्या वेळात (साधारण नियम म्हणजे १५ मिनिटांत) मिनिटाला ६४ किंवा त्याच्या खाली यायला हवी, आणि गंमत अशी की मधल्या लूपमध्ये तुमचं घड्याळ तुम्ही पोचलात तेव्हा थांबत नाही, घोडा तपासणीला आत नेलात तेव्हा थांबतं. म्हणजे तुम्ही शेवटचे दोन किलोमीटर धूम ठोकत आलात आणि पाच मिनिटं वाचवली, पण घोड्याला थंड व्हायला बारा मिनिटं जास्त लागली तर तुम्ही सात मिनिटं गमावली. नाडी उतरलीच नाही, किंवा घोडा लंगडला, तर बाहेर, मग तुम्ही पहिले असा नाहीतर शेवटचे. शेवटच्या लूपला वेळ फिनिश लाइनवर मोजतात, पण तपासणीत घोडा पास झाला नाही तर तो नंबर गेलाच.

त्यामुळे सुरुवात कुठून करू या प्रश्नाला माझं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. स्टेथोस्कोपपासून. मेडिकलमध्ये मिळतो तो साधा चालतो. घोड्याच्या डाव्या पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे, जिथून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जातो तिथेच, लावायचा आणि "लब-डब" मिळून एकच ठोका धरायचा. मी पहिल्यांदा दोन्ही वेगवेगळे मोजले आणि निवांत उभ्या घोडीची नाडी ७६ आली म्हणून घाबरून मामांना हाका मारल्या (मामा म्हणजे आमच्या तबेल्यातले मोतद्दार, माथेरानला बरीच वर्षं घोडे सांभाळलेला माणूस). ते म्हणाले, "ताई, निम्मी करा." ३८. शांत उभ्या मोठ्या घोड्याची २८ ते ४४ असते. १५ सेकंद मोजून चारने गुणा, आणि रोज मोजा, रायडिंग करायच्या आधी, केल्यावर लगेच, मग दहा मिनिटांनी, वहीत लिहा. महिनाभराने तुम्हाला त्या घोड्याचं नॉर्मल कळतं, आणि मग एक दिवस सकाळी नुसता उभा असताना ५२ दिसला की काहीतरी बिनसलंय हे तो लंगडायच्या आधीच कळतं.

आता रायडिंग. ठाणे-नवी मुंबईवाल्यांना घराजवळ फारसं काही नाही, पनवेल-कर्जत, बदलापूर-मुरबाड बाजूला फार्मवर शिकवणारे आहेत, आणि शहरात महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. कुठेही जा, पण आधी फी विचारू नका, घोडे बघा. पाणी समोर आहे का, पाठीवर खोगिराचे जुने व्रण आहेत का, खुरांना कुजका वास येतो का (पावसाळ्यात आपल्याकडे हा त्रास फार, चिखलात उभं राहून खूर मऊ पडतात), आणि मोतद्दार जवळ आल्यावर घोडा कान मागे पाडतो का. एका ठिकाणी मी पहिल्याच दिवशी घोड्याच्या पाठीवर हात फिरवला तर तो खालीच बसल्यासारखा दबला, म्हणजे पाठ दुखत होती, आणि वर मला सांगतात मॅडम तो लाडात आलाय. तिथे परत गेले नाही.

लेकच्या काठाने किंवा बीचवर फेरी मारणं हे रायडिंग नाही, ते मोजू नका. रिंगणात किमान तीन-चार महिने द्या, आठवड्यातून दोनदा तरी. मांड पक्की होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. आणि एन्ड्युरन्ससाठी सगळ्यात महत्त्वाची चाल कुठली तर दुडकी, ट्रॉट. सिनेमातली भरधाव दौड विसरा, बहुतेक अंतर दुडकीवरच कापलं जातं. दुडकीत घोड्याचे तिरके दोन पाय एकत्र पडतात, पुढचा डावा-मागचा उजवा, मग उलट, आणि तुम्ही एका जोडीला उठता, दुसरीला बसता. रिंगणात बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं हे सगळे शिकवतात, पण सरळ लांब रस्त्यावर गेल्यावर बाजू बदलत राहायचं हे कुणी सांगत नाही. तुम्ही दोन तास एकाच जोडीवर बसत राहिलात तर घोड्याची पाठ एकाच बाजूने कुटली जाते. मी दर किलोमीटरला घड्याळ वाजलं की एक ठोका जास्त बसून बदलते. वीस मिनिटं लगामाला न लटकता आणि मानेचे केस न धरता रायझिंग ट्रॉट (ही उठत-बसत दुडकी) जमला की समजा तुम्ही तयार होताय.

स्वतःचा स्टॅमिना पण लागतोच. येऊरचा डोंगर ठाणेवाल्यांना उशाला आहे, सकाळी चढून या, नवी मुंबईवाल्यांनी खारघरच्या टेकडीवर जावं. पायी बरं का. येऊर नॅशनल पार्कात येतं, घोडा घेऊन परवानगीशिवाय घुसायच्या भानगडीत पडू नका. चालायची सवय खरंच लागते कारण उतारावर आणि गेटच्या आधी स्वार खाली उतरून घोड्याच्या बाजूने चालतो, आणि गुडघे तोपर्यंत जाम झालेले असतात.

कपड्यांबद्दल एकच सांगते, जीन्स घालू नका. मी घातली होती. दीड तासात आतल्या शिवणीने मांड्यांची सालटं निघाली आणि सोमवारी ऑफिसात खुर्चीच्या टोकावर बसून मीटिंग केली. शिवण नसलेल्या रायडिंग टाइट्स, आत व्हॅसलीन, थोडी टाच असलेले बूट म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही, आणि हेल्मेट घोडेस्वारीचंच, सायकलचं नाही.

वजनाचा विषय कुणाला आवडत नाही पण काढावा लागतो. ढोबळ हिशेब असा की खोगिरासकट एकूण ओझं घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. घोडा ३६० किलोचा असेल तर ७२, त्यातले खोगीर-पाण्याची बाटली वगैरे ८ किलो गेले, उरले ६४. तुम्ही ८० किलोचे असाल तर मोठा घोडा बघा, घोड्याला सांगून उपयोग नाही.

घोडा विकत घ्यायची घाई अजिबात नको. सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन आलेला प्रत्येक माणूस घोडा घ्यायच्या गोष्टी करतो, मी पण केल्या. तिथे देखणे मारवाडी-काठियावाडी बघून भुरळ पडतेच, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, अंगावर चकाकी. पण एन्ड्युरन्सला देखणेपण चालत नाही, पाय, खूर आणि पाठ चालतात. जगात अरबी घोडे या खेळात सगळ्यात पुढे, आपल्याकडे मारवाडी पण उत्तम करतात. आणि आपली भीमथडी विसरू नका, धनगरांच्या वाड्याबरोबर सामान लादून मैलोन्मैल चालणारं तट्टू, दिसायला लहान पण काटक. सुरुवातीची दोन वर्षं तबेल्याचाच घोडा भाड्याने किंवा शेअरिंगमध्ये घ्या, पण एकच घोडा ठरवून घ्या, दरवेळी नवीन नको, नाहीतर त्या वहीचा उपयोग शून्य.

घोडा तयार करणं म्हणजे हळू आणि लांब. आधी नुसती चाल, म्हणजे साधं चालणं, तासभर, मग चाल-दुडकी, मग अंतर वाढवा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका. घोड्याचा दम काही महिन्यांत तयार होतो पण टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर), सांधे, हाडं यांना खूप जास्त वेळ लागतो, म्हणून घोडा उड्या मारतोय, अजून पळायला मागतोय असं वाटत असताना पाय आतून कच्चे असतात. डांबरी रस्त्यावर दुडकी टाळा, शेताच्या कडेचा मातीचा रस्ता बरा. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाकडून बघून घ्या.

मग आपली हवा. ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात लांबचं करू नका, करायचं तर पहाटे. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर घोडा थंड होत नाही, वर घोड्याच्या घामात माणसापेक्षा मीठ जास्त जातं. जोरात काम करताना तासाला १०-१५ लिटर घाम जाऊ शकतो. म्हणून जिथे पाणी दिसेल तिथे पाजा. गरम घोड्याला पाणी देऊ नये असं जुने लोक सांगतात, ते मनावर घेऊ नका, चालत्या घोड्याला प्यायचं असेल तर पिऊ द्या. मात्र इलेक्ट्रोलाइट पाणी न पिणाऱ्या घोड्याला देऊ नका, आधीच सुकलेल्या शरीरात मीठ घातल्यासारखं होतं. चंदी (दाणा) पण राइडच्या तोंडावर ओंजळी भरभरून नको, गवत जास्त, हरभरा बेताने. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गडबड झाली की पोटशूळ, आणि तो जिवावर बेततो.

माझी पहिली २० किलोमीटरची प्रॅक्टिस राइड डिसेंबरात झाली, पनवेलच्या पुढे. मस्त हवा, घोडी मजेत, मी पण. शेवटी फार्मचं फाटक दिसल्यावर मी तिला सोडली, ती पण घराकडे तोंड असल्यामुळे सुटली, आणि आम्ही वाजतगाजत आत आलो. मामांनी स्टेथोस्कोप पुढे केला. ८८. दहा मिनिटांनी ७६. अर्ध्या तासाने कुठे ६२. स्पर्धा असती तर पहिल्याच गेटला बाहेर. मामा काही बोलले नाहीत, फक्त वहीत आकडे लिहून माझ्या हातात दिली. पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर शेवटचा दीड किलोमीटर चालीने आणला, शेवटचे पाचशे मीटर मी उतरून चालले, आत येताच तंग सैल केला, मानेवर, छातीवर, पायांच्या आतल्या बाजूला मगाने पाणी ओतत राहिलो, आणि मामा बाजूला हळू शीळ घालत उभे. मला वाटलं सहज घालतायत. तर नाही, घोडा मुतला की मोकळा होतो आणि नाडी उतरते, शिट्टीची सवय लहानपणापासून लावतात. सहा मिनिटांत ६०.

पहिल्या खऱ्या राइडला दोन माणसं बरोबर न्या, त्यांना क्रू म्हणतात, काम बादल्या उचलायचं. नवऱ्याला आणि चुलतभावाला नेलं होतं, दोघांच्या पाठी धरल्या. तपासणीत डॉक्टर नाडीबरोबर हिरड्या दाबून बघतात, दाबल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकतात (शांत पोट वाईट, गुडगुडणारं चांगलं), पाठ आणि तंगाची जागा दाबतात, आणि शेवटी घोडा हातात धरून सरळ रेषेत दुडकीवर पळवून दाखवायचा असतो. हे पळवणं घरी शिकवून ठेवा. आमची घोडी तिथे जागची हलेना, मी पुढे ओढतेय, ती माझ्याकडे बघतेय, मागे लाइन लागलेली. लगाम सैल ठेवा, तिच्या तोंडाकडे वळून बघू नका, समोर बघून पळा. घट्ट धरलं की डोकं वाकडं होतं आणि चांगला घोडा पण लंगडा दिसतो. एक मिनिटाने नाडी परत मोजतात, ती आधीपेक्षा चांगलीच वर गेली असेल तर घोडा दमलाय किंवा कुठेतरी दुखतंय.

दोन लूपच्या मधल्या सुट्टीत खाणंपिणं घोड्याला आधी, मग स्वतःला. केळं खा, मीठ-साखरेचं पाणी प्या, मी चाळीस मिनिटं तिच्या मागे पळत राहिले आणि दुसऱ्या लूपला मलाच चक्कर आली.

आणि राइड संपली, सर्टिफिकेट मिळालं, फोटो टाकले म्हणून घरी येऊन झोपू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यात जा, चारी पायांवरून गुडघ्याखाली हात फिरवा, एखादा गरम लागतोय का, सूज आहे का, पाठीवर बोटं दाबत जा, रात्रीची लीद किती पडलीय ते मोतद्दाराला विचारा, मग दहा पावलं दुडकीवर पळवा. नाडी मोजा आणि वहीत लिहा. माझ्या पहिल्या ४० नंतरची नोंद अशी आहे: सोमवार, ६.४० सकाळ, ३६, डावा मागचा थोडा गरम, आठवडाभर फक्त चाल.