रानातली खोपी: बांबूला लागलेला भुंगा असा थांबला

रानात शांत बसायला बांधलेली खोपी एका पावसाळ्यात कुजते, पोखरली जाते, कारण बांबू मातीत रोवलेला असतो आणि त्यातला स्टार्च भुंग्याला हवाच असतो. नवे खांब दीड फूट उंच जांभ्याच्या चौथऱ्यावर उभे केले. तीन वर्षांपुढचा बांबू थंडीत तोडला, सळईने पेरं आरपार भोसकली. 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक ॲसिड. त्यात दहा दिवस बुडवून सावलीत वाळवला. उन्हात तडकतो. हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून वळचण तीन फूट पुढे काढावीच. भोवतालची करवंदं, कुडा मुळीच तोडू नका. पाखरं तिथेच येतात. दिवा मंद पिवळा, खाली तोंड केलेला.