जपानी ठसाचित्रं पाहायला जाताना

आम्ही फैजपूरचे भावसार. आजोबा कापडावर ठसे मारत. त्यांचा कैरीचा सागवानी ठसा अजून माझ्या कपाटात आहे. म्हणून मुंबईत एकोणिसाव्या शतकातल्या जपानी ठसाचित्रांचं प्रदर्शन लागल्याचं कळलं, की मी भुसावळहून रात्रीची गाडी धरते. तुम्हीही जाणार असाल तर माझी पद्धत सांगते.

आधी सगळ्या दालनातून न थांबता एक फेरी मारा आणि तीनच चित्रं निवडा. पहिल्या खेपेला मी सगळं बघितलं होतं. परतताना एकही चित्र धड आठवेना.

दालनात उजेड मंद असतो. कुरकुर करू नका, डोळे सरावू द्या. बेनी हा जपानी गुलाबी-लाल रंग करडईच्या फुलांचा, म्हणजे आपला कुसुंबीच, आणि तो उजेडाने उडतो. आज फिकट पिवळसर दिसणारा पदर कधीकाळी गुलाबी असू शकतो, हे मनात धरूनच बघा. प्रशियन निळा मात्र टिकतो. हा युरोपातून आलेला रंग १८३० च्या सुमारास या चित्रांत मुबलक वापरला जाऊ लागला. चित्रकार होकुसाईचं १८३१ च्या आसपासचं लाटेचं प्रसिद्ध चित्र त्याच निळ्याचं.

आता चित्राजवळ जा, काचेला हात न लावता. कापडावर आपण ठसा वरून मारतो. जपानी कारागीर चेरीच्या लाकडाचा ठसा खाली ठेवून त्याला रंग लावतो, वर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने, बारेनने, पाठीमागून घासतो. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशावर खाच. रेघ आणि रंग जिथे भेटतात ती कड बघा. कुठे केसभर फट दिसली तर तिथे माणसाचा हात दिसला. हिरोशिगे या चित्रकाराच्या चित्रांतल्या आकाशात वरची गडद पट्टी खाली विरत जाते, ती ठशावरचा रंग दरवेळी हाताने पुसून आणलेली असते. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. ठसा झिजला की रेघा तुटतात. होकुसाईच्या लाटेच्या उशिरा छापलेल्या प्रतींत शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते. मी आधी तीच शोधते.

मग पाटी वाचा. तिच्यावर बहुतेकदा चित्रकाराचंच नाव असतं. रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, पैसा लावणारा प्रकाशक चौथा. चित्रकाराचं मूळ रेखाटन लाकडावर पालथं चिकटवून त्यावरूनच कोरत, म्हणजे ते कोरण्यातच संपून जाई. कोरणाऱ्याचं नाव नाही याचं मला वाईट वाटतं. आजोबांच्या कापडावरही कुणाचं नाव नसे.

घरी आल्यावर एक करा. जुना कोरीव ठसा मिळाला तर त्याला पातळ रंग लावा, वर ओलसर हातकागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. कागद एका कोपऱ्यातून हळूच उचला. माझी पहिली कैरी निम्मीच उठली होती, कारण देठाकडे हात हलका पडला होता.