स्फटिकीकरणापूर्वी प्रथिनाचा नमुना कसा पारखावा

एसडीएस-पेज जेलवर (प्रथिने आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) एकच ठळक पट्टा दिसला, म्हणजे नमुना स्फटिकीकरणासाठी तयार झाला असे मानू नये. या जेलमध्ये प्रथिन उलगडलेल्या अवस्थेत धावत असल्यामुळे इतर प्रथिनांची भेसळ किती आहे हे कळते; परंतु मूळ द्रावणात त्याची घडी शाबूत आहे की त्याचे पुंजके झाले आहेत, याचा पत्ता त्यावरून लागत नाही.

आरंभी नमुना थंड सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून वरचा द्रव घ्यावा आणि केवळ २८० नॅनोमीटरचे शोषण न नोंदता २२० ते ३५० नॅनोमीटरचा संपूर्ण आलेख काढावा. शुद्ध प्रथिनात २६० व २८० येथील शोषणांचे गुणोत्तर ०.६ च्या आसपास असते. ते बरेच वाढलेले असल्यास न्यूक्लिक आम्ल सोबत आलेले असते. हीमसारखा रंगीत घटक नसलेल्या प्रथिनाचे ३२० च्या पुढचे शोषण शून्यालगत हवे, अन्यथा पुंजक्यांमुळे प्रकाश विखुरतो आहे असे समजावे. तुलनेसाठी नमुन्यातलाच बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) वापरावा, कारण त्यातील इमिडाझोल आणि ऑक्सिडीकृत डीटीटी ही रसायनेही या तरंगलांबींवर प्रकाश शोषतात.

खरी परीक्षा डीएलएसची (विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून द्रावणातील कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीची), आणि तिचा चुकीचा अर्थही सर्वाधिक लावला जातो. लहान कणांकडून होणारे प्रकाशाचे विकिरण त्रिज्येच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दहापट मोठा कण सुमारे दहा लाखपट प्रकाश विखुरतो. त्यामुळे तीव्रतेच्या आलेखात मोठ्या कणांचे शिखर दिसले तरी वस्तुमानाने ते नगण्य असू शकते, म्हणून तीव्रतेचा आणि वस्तुमानाचा असे दोन्ही आलेख शेजारी ठेवून निर्णय घ्यावा. बहुविस्तार (कणांच्या आकारांतील तफावत) २० टक्क्यांहून कमी असणे हे आशादायक लक्षण होय.

आकारमान-वर्जन स्तंभातून (मोठे रेणू आधी व लहान नंतर बाहेर सोडणाऱ्या स्तंभातून) सममित शिखर यावे. मात्र लांबट प्रथिन लवकर बाहेर पडून मोठे भासते, तेव्हा ते द्विलक (दोन रेणूंची जोडी) आहे की एकलक (सुटा रेणू) याचा निवाडा स्तंभाला बहुकोनी प्रकाश-विकिरण (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणूचे वस्तुमान मोजणारे उपकरण) जोडूनच करावा.

बफरची निवड करताना वितळण-तापमान (ज्या तापमानाला प्रथिनाची घडी उलगडते ते) मोजावे. त्यासाठी वापरला जाणारा, उलगडलेल्या प्रथिनाला चिकटून चमकणारा सायप्रो ऑरेंज रंग डिटर्जंटच्या मायसेलांनाही (रेणूंच्या गोळ्यांनाही) चिकटतो, म्हणून डिटर्जंटमध्ये ठेवाव्या लागणाऱ्या पटल-प्रथिनांसाठी (पेशीपटलातील प्रथिनांसाठी) त्यांतील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या स्वतःच्या प्रतिदीप्तीचे ३५० व ३३० नॅनोमीटरवरील गुणोत्तर पाहणे अधिक भरवशाचे.

नमुना गोठवून ठेवला असेल, तर वितळवल्यानंतर डीएलएस पुन्हा करावे, आणि तेही प्रयोगासाठी नेणार असलेल्या त्याच नळीतील द्रवावर.