पहिला प्रोजेक्ट: हळदीची पट्टी

सॉफ्टवेअर शिकायला सुरुवात केली की जो तो टू-डू लिस्ट बनवतो. सांगलीत राहून त्यापेक्षा मार्केट यार्डातल्या हळदीची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, करा: वजन, दर, अडत (अडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम. कोड लिहिण्याआधी एक खरी पट्टी मागून घ्या आणि हिशेब वहीवर हाताने करा.

पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्यांच्या प्रकारात, ठेवू नका. पायथनमध्ये ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ बायनरीत नेमका बसतच नाही. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांकात ठेवा. ३७ किलो ५०० ग्रॅम माल, दर क्विंटलला १४,२५० रुपये: ३७,५०० ग्रॅम गुणिले १४,२५,००० पैसे आणि भागाकार शेवटी, क्विंटलच्या १,००,००० ग्रॅमने. उत्तर ५,३४,३७५ पैसे, म्हणजे ५,३४३ रुपये ७५ पैसे. जावात हाच गुणाकार इंट या पूर्णांकाच्या प्रकारात केला तर उत्तर चुकतं आणि एररही येत नाही. इंटची कमाल मर्यादा २१४ कोटींच्या आसपास, हा आकडा ५,३४३ कोटींवर जातो. लाँग हा मोठा पूर्णांक प्रकार वापरा.

हाताने केलेली पट्टी हीच पहिली टेस्ट: कोडचं उत्तर तिच्याशी जुळायला हवं. मग शून्य वजन आणि उणे दर देऊन बघा.

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून हवंच. एका कमिटमध्ये, म्हणजे त्या इतिहासातल्या एका नोंदीत, एकच बदल. डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो. आधी पासवर्ड बदला.