मेटल डिटेक्टर सतत किंचाळतोय? लोहमातीत सोनं शोधताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात डनॉली, वेडरबर्न, किंगोवर हा जुना सोन्याचा पट्टा. 1980 मध्ये किंगोवरलाच मेटल डिटेक्टरने 27 किलोंचा 'हँड ऑफ फेथ' हा गोळा सापडला. दहा वर्षांचा 'मायनर्स राइट' हा परवाना काढला की परवानगी असलेल्या सरकारी जमिनीवर हौशी माणसालाही शोध घेता येतो. अडचण परवान्याची नाही, मातीची आहे.

कोकणातला जांभा पाहिलेल्यांना ही लाल, खडेदार जमीन ओळखीची वाटेल. तिच्यात मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट ही लोहखनिजं ठासून भरलेली असतात. अर्ध्या ग्रॅमचा सोन्याचा कण जेवढा सिग्नल देतो, त्याच्या कितीतरी पट ही माती देते. म्हणून इथे यंत्राची ताकद वाढवण्याआधी मातीला गप्प करायचं असतं. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत पिळणं

सेन्सिटिव्हिटी म्हणजे यंत्र किती बारीक सिग्नल पकडेल ते. 'जास्त ठेवली की खोल जाईल' हा समज सगळ्यात महागात पडतो. सेन्सिटिव्हिटी वाढली की सोन्याबरोबर मातीचा आवाजही वाढतो आणि बारीक सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. आवाज स्थिर होईपर्यंत एकेक पायरी खाली या. 10 पैकी 6 वर शांत चालणारं यंत्र 10 वर खडखडणाऱ्यापेक्षा जास्त सोनं दाखवतं.

खात्री करायची असेल तर मासेमारीचं छोटं शिसं जमिनीवर ठेवा. शिशाचा सिग्नल सोन्यासारखाच येतो. ज्या सेटिंगवर ते स्वच्छ ऐकू येतं, ते सेटिंग त्या जागेसाठी बरोबर. खड्डा खणून पुरून पाहू नका. माती एकदा उकरली की तिचं वागणं बदलतं.

ग्राउंड बॅलन्स सकाळी एकदाच, तोही घाईत

आधी नॉइज कॅन्सल (बाहेरचा विद्युत गोंगाट टाळणं), मग ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज दाबणं), मग सेन्सिटिव्हिटी, हा क्रम मोडू नका. नॉइज कॅन्सल करताना विजेच्या तारांपासून आणि दुसऱ्याच्या डिटेक्टरपासून लांब उभे राहा, मोबाइल बंद ठेवा.

मग धातू नसलेली जागा शोधा: कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) आडवी फिरवून कुठेच सिग्नल येत नाही अशी. तिथे कॉइल समांतर धरून जमिनीपासून 2 सेंमी ते 15-20 सेंमी अशी संथपणे वर-खाली करा. खाली नेताना किंवा वर उचलताना आवाज चढत असेल, तर बॅलन्स अजून जमलेला नाही. खाली गाडलेल्या खिळ्यावर बॅलन्स केला तर यंत्र खिळ्यालाच 'माती' समजून बसतं.

मातीचा रंग बदलला, ओहोळ ओलांडला, लाल खडीतून पांढऱ्या क्वार्ट्झवर आलात, की पुन्हा बॅलन्स करा. ऑटो ट्रॅकिंगवर (यंत्र आपोआप बॅलन्स बदलत राहतं) विसंबणाऱ्यांसाठी एक इशारा: संशयित जागेवर दहा वेळा कॉइल फिरवली तर ट्रॅकिंग तो अशक्त सिग्नलच पुसून टाकतं. तपासताना ते फिक्स्डवर ठेवा, म्हणजे बॅलन्स बदलणार नाही.

थ्रेशोल्ड आणि हात

थ्रेशोल्ड म्हणजे यंत्राचा सतत चालणारा हलका आवाज. त्याची गुणगुण डासाइतकी, जेमतेम ऐकू येईल एवढीच हवी. खोलवरचा कण 'बीप' देत नाही. ती गुणगुण जराशी डचमळते, बस. थ्रेशोल्ड मोठा असेल तर ते कळत नाही, पार शून्यावर असेल तर ऐकूच येत नाही. हेडफोन वापरा. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, सपाट ठेवून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला तीन-चार सेकंद घेत फिरवा. टोकाला कॉइल उचलली की तिथे हमखास खोटा आवाज येतो.

चुकीची कॉइल

मोठी कॉइल खोल पाहते, पण मातीही जास्त पाहते. लोहाने भरलेल्या जमिनीत लहान कॉइल बरी. मोनोलूपने (एकाच वेटोळ्याची कॉइल) फारच गोंधळ घातला तर डबल-डी (दोन वेटोळ्यांची) लावा. थोडी खोली जाते, शांतता मिळते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या तळ्यांजवळ ओली खारी माती स्वतःच वीज वाहते, तिथे सॉल्ट मोड (खाऱ्या मातीचा आवाज दाबणारं सेटिंग) लागतो. त्यात बारीक सोनं निसटतं, ते सोडून द्यायचं.

गरम दगड, आणि लोखंड म्हणून सोडलेलं सोनं

भोवतालच्या मातीपेक्षा जास्त खनिज असलेला 'हॉट रॉक' सोन्यासारखाच बोलतो. दगड काठीने बाजूला सारा. आवाज त्याच्यासोबत गेला तर दगडच दोषी (क्वार्ट्झ असेल तर फोडून पाहा). जागेवरच राहिला तर वरची 5 सेंमी माती खरवडा: मातीचा आवाज विरतो, धातूचा अधिक टोकदार होतो.

डिस्क्रिमिनेशन (लोखंडाचे सिग्नल गाळणारी सोय) मात्र बंद ठेवा. लोहखनिजात गुरफटलेलं सोनं बऱ्याचदा लोखंड म्हणून दिसतं. खिळे आणि काडतुसांचे तुकडे निघणारच, खोदायचा कंटाळा असेल तर हा छंद तुमचा नाही.

यंत्र बिघडलं म्हणण्याआधी

कॉइलची वायर दांड्यावर सैल लोंबकळत असेल तर हलताच आवाज येतो, ती घट्ट गुंडाळा. कॉइलच्या प्लॅस्टिक आवरणात शिरलेली लोहधूळ काढून धुवा. पोलादी टोकाचे बूट आणि पट्ट्याचं बक्कल घरी ठेवा, कुदळ कॉइलपासून लांब.

सिग्नल देणारा तुकडा मातीसोबत खड्ड्यातून बाहेर आला की उकरलेल्या मातीचा ढीग अर्धा-अर्धा करत कॉइलसमोर न्या. खड्ड्याच्या तळावरूनही पुन्हा फिरवा, दुसरा तुकडा तिथे असू शकतो. मग खड्डा बुजवा. मायनर्स राइटची ती अटच आहे.