५ व्होल्टचा सप्लाय: कोणता पार्ट कशासाठी?

९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि व्होल्टेज ५ वर स्थिर धरणारा ७८०५ आयसी. एवढ्यात सप्लाय होतो. लोड, म्हणजे सप्लायवर चालणारं सर्किट, ५०० मिलिअँपिअर घेतं असं धरू.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ९ करतो आणि मेन्सपासून सर्किट वेगळं ठेवतो. प्रायमरीच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूच्या, फेजला फ्यूज लावा, तिथला एकही जोड उघडा ठेवू नका. डायोडचा ब्रिज एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतो. पट्टीची बाजू म्हणजे कॅथोड, डायोडचं मायनस टोक. एक डायोड जरी उलटा बसला तरी ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतो.

बहुतेकांचं गणित चुकतं ते कपॅसिटरपाशी. ९ व्होल्ट एसीचं शिखर १.४१ पट, म्हणजे १२.७, दोन डायोडमध्ये १.४ गेले, उरले ११.३. हे शिखर सेकंदाला १०० वेळा येतं, मधल्या वेळात लोड कपॅसिटरवर चालतो. १००० मायक्रोफॅरड लावला तर तेवढ्यात व्होल्टेज जवळपास ५ व्होल्टने उतरून ६.३ वर येतं. ७८०५ ला इनपुटला किमान ७ लागतात! मग ऑडिओत घूं ऐकू येते, मायक्रोकंट्रोलर मध्येच रिसेट होतो, आणि दोष बिचाऱ्या आयसीला. २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लावा. उतार सव्वादोन व्होल्टवर येतो. प्लस-मायनस उलटं झालं तर तो फुटतो.

७८०५ ची छापील बाजू समोर धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. इनपुटला सरासरी १० येतात, त्यातले जादाचे ५ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो, म्हणजे अडीच वॅट. हीटसिंक नसेल तर तो तापून स्वतःच बंद होतो. गार झाला की पुन्हा चालू. सप्लाय असा थांबून थांबून चालत असेल तर आधी तिथे हात लावून नाही, जवळ नेऊन बघा.

इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर पायांना अगदी चिकटून हवेत. मोठा कपॅसिटर असताना हे कशाला? लांब वायरमुळे आयसी ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट आपोआप वेगाने वरखाली होतं, आणि तेवढ्या वेगाला मोठा कपॅसिटर पुरत नाही.

शेवटी लाल एलईडी. तो २ व्होल्ट घेतो, उरलेले ३ रेझिस्टरवर: ३३० ओहमला ९ मिलिअँपिअर. रेझिस्टर वगळला तर एलईडी जळेल.