बगॅसपासून लॅक्टिक आम्ल: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून या कामात येणारी मुलं पहिला प्रश्न जिवाणूचा विचारतात: कोणता स्ट्रेन (जिवाणूचा वाण) घेऊ, कुठून मागवू? मीही त्याच शाखेतून आले, त्यामुळे ही ओढ कळते. तरी माझं सांगणं असं की सुरुवातीचे महिने कच्च्या मालाला द्या. फर्मेंटर, म्हणजे आंबवण्याचं भांडं, चालणार की अडणार, हे बरंचसं प्रीट्रीटमेंटमध्येच, म्हणजे आंबवण्याआधी कच्चा माल मोकळा करण्याच्या प्रक्रियेतच, ठरून गेलेलं असतं.

आपल्याकडे हाताशी असलेला माल म्हणजे उसाचा बगॅस, रस काढल्यावर उरणारा चोथा. टनभर ऊस गाळला की साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतो आणि त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. म्हणून 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत नमुना वाळवायचा आणि प्रत्येक आकडा कोरड्या वजनावरच काढायचा. कोरड्या बगॅसमध्ये सेल्युलोज (ज्यातून ग्लुकोज मिळतं) ढोबळमानाने 40 टक्के, हेमिसेल्युलोज (ज्यातून मुख्यतः झायलोज ही साखर मिळते) 25 आणि लिग्निन (तंतू घट्ट धरून ठेवणारा, साखर नसलेला भाग) 20 च्या आसपास. पण हे आकडे उचलून वापरू नका, आलेला प्रत्येक लॉट तपासा. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर माती जास्त येते आणि राखेचं प्रमाण लगेच वाढतं. साखर मोजायला शक्यतो एचपीएलसी, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, वापरा. डीएनएस ही रंगावरून साखर मोजणारी चाचणी स्वस्त आहे, पण तिला ग्लुकोज आणि झायलोज वेगळे ओळखता येत नाहीत.

आता प्रीट्रीटमेंट. सौम्य सल्फ्युरिक आम्लात तापवलं की हेमिसेल्युलोज विरघळतं आणि झायलोज द्रवात उतरतो. तापमान किंवा वेळ जास्त झाली, तर त्याच झायलोजचं फरफ्युरल होतं आणि यीस्टची वाढ अडते. हेमिसेल्युलोजमधून ॲसेटिक आम्लही सुटतं. गंमत अशी की फरफ्युरल हे स्वतः मागणी असलेलं रसायन आहे. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने 1922 मध्ये ओटच्या टरफलांपासून त्याचं औद्योगिक उत्पादन सुरू केलं होतं. म्हणून आधी काय बनवायचं ते ठरवा, मग पद्धत निवडा. झायलिटॉल (झायलोजपासून होणारा गोड पदार्थ) हवं असेल तर आम्लाची वाट आणि कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिससारखं यीस्ट. नेहमीचं बेकरीचं यीस्ट झायलोज खात नाही. लॅक्टिक आम्लासाठी मला अल्कलीची वाट पटते. कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) लिग्निन निघून जातं, मग सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज एन्झाइम 50 अंशांच्या आसपास चांगलं काम करतं. बॅसिलस कोॲग्युलन्स हा लॅक्टिक आम्ल बनवणारा जिवाणू त्याच तापमानाला वाढतो आणि झायलोजही खातो, त्यामुळे साखर सुटणं आणि आंबवणं एकाच भांड्यात जमतं.

पण कॉस्टिकचं काळं पाणी मागे उरतं. शिवाय आम्ल तयार होत गेलं की पीएच उतरतो, म्हणून चुना किंवा खडू घालावा लागतो आणि आम्ल कॅल्शियमच्या क्षारात अडकतं. शेवटी सल्फ्युरिक आम्लाने लॅक्टिक आम्ल मोकळं करताना टनामागे जवळजवळ टनभर जिप्सम तयार होतो. प्रयोगशाळेत हा कोपऱ्यातल्या बादलीत मावतो, कारखान्यात त्याचे डोंगर उभे राहतात.

सगळ्यात जास्त भर मी वस्तुमानाच्या हिशेबावर देते. शंभर ग्रॅम कोरड्या बगॅसमध्ये 40 ग्रॅम सेल्युलोज असेल, तर पाण्याची भर धरून त्यातून जास्तीत जास्त 44 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज मिळू शकतं. समजा प्रीट्रीटमेंटनंतर 85 टक्के सेल्युलोज टिकलं, एन्झाइमने त्यातलं 80 टक्के मोकळं केलं आणि जिवाणूने 90 टक्के साखरेचं आम्ल केलं. तिन्ही आकडे स्वतंत्रपणे छान दिसतात. गुणाकार मात्र 61 टक्क्यांवर येतो. म्हणजे हाती 27 ग्रॅम लॅक्टिक आम्ल. ‘90 टक्के उत्पन्न’ असं कुठे वाचलंत, तर ते कशाच्या 90 टक्के, हे आधी शोधा.

आणखी एक गोष्ट शहरातल्या मुलांना उशिरा कळते: कारखान्याच्या लेखी बगॅस हा कचरा नाही. तो बॉयलरमध्ये जळतो, त्यातून वाफ आणि वीज निघते. तुमच्या रसायनाला त्या विजेच्या भावाशी स्पर्धा करायची असते.

शिकायला पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) या जागा जवळच्या आहेत. कारखानदारीतल्या मुलाखतीला जाताना आपल्या प्रकल्पाचा वरचा हिशेब एका पानावर मांडून न्या. त्यात उत्पादनाबरोबर काळं पाणी, जिप्सम आणि न विरघळलेला चोथा, तिन्हींची वजनं असू द्या.